आरोपपत्रात कोण नव्हते?

राष्ट्राध्यक्षावरचा महाभियोग म्हणजे संविधान विरुद्ध हुकूमशहा असा सरळ सामना, अशी अनेकांची समजूत असते. अमेरिकेतला १८६८ सालचा महाभियोग बारकाईने पाहिला तर ही समजूत टिकत नाही. अँड्र्यू जॉन्सन यांचे पद एका मताने वाचले, एवढेच आपल्याला सांगितले जाते. आम्हाला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ज्यांच्यावर खरा अन्याय झाला, ते त्या आरोपपत्रात कुठे होते?

१८६४ च्या निवडणुकीत लिंकन यांनी दक्षिणेतल्या टेनेसीचे डेमोक्रॅट जॉन्सन यांना सोबत घेतले, ते मतांची बेरीज म्हणून. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि ही बेरीज थेट राष्ट्राध्यक्षपदावर जाऊन बसली. तेव्हा सुमारे ४० लाख गुलाम मुक्त होत होते. स्वतः गुलाम बाळगलेल्या जॉन्सन यांनी मुक्त कुटुंबांना कसायला मिळालेल्या जमिनी जुन्या मालकांना परत देववल्या. १८६६ मध्ये नागरी हक्क विधेयकावर नकाराधिकार वापरला. संसदेने तो दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला. त्याच वर्षी मे महिन्यात मेम्फिसमध्ये ४६ कृष्णवर्णीय मारले गेले, जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये कत्तल झाली.

मग महाभियोग या रक्तासाठी झाला का? नाही. डिसेंबर १८६७ मधला पहिला प्रयत्न प्रतिनिधीगृहात ५७ विरुद्ध १०८ मतांनी पडला. नेमका कोणता कायदा मोडला, हे दाखवा, असे मवाळ रिपब्लिकनांचे म्हणणे होते. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना बडतर्फ केले. सिनेटच्या संमतीशिवाय असा अधिकारी काढू नये, असा कायदा संसदेने वर्षभरापूर्वीच केला होता. तीनच दिवसांत १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर झाला. ११ पैकी बहुतेक कलमे या बडतर्फीभोवती फिरत होती. माणसे मेली तेव्हा जे जमले नाही, ते एका मंत्र्याच्या खुर्चीसाठी जमले.

सिनेटमध्ये ५४ सदस्य होते, दोषी ठरवायला ३६ मते हवी होती. पडली ३५. सात रिपब्लिकन फुटले. त्यांच्यातल्या एडमंड रॉस यांना जॉन केनेडी यांनी पुढे आपल्या पुस्तकात धैर्याचा नमुना ठरवले. कायद्याबद्दलच्या शंका खऱ्या होत्या, हे आम्ही नाकारत नाही. पण गणितही तितकेच खरे होते. उपाध्यक्षपद रिक्त होते. जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते. वेड कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्याही मताधिकाराचे समर्थक. त्यांची आर्थिक धोरणे भांडवलदारांना नको होती. शिवाय १८६७ मध्ये ओहायोच्या मतदारांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार फेटाळला होता, त्यामुळे पक्ष धास्तावला होता. पक्षाला नोव्हेंबरमध्ये जनरल ग्रँट यांना निवडून आणायचे होते. जॉन्सन यांनीही मवाळांना चुचकारत स्कोफिल्ड यांना युद्धमंत्री करायची तयारी दाखवली. शेवटचे काही महिने राहिलेला, हात बांधलेला जॉन्सन त्यांना वेडपेक्षा सोयीचा वाटला.

किंमत कोणी मोजली? नाताळच्या दिवशी जॉन्सन यांनी उरलेल्या बंडखोरांनाही माफी दिली. १८७७ मध्ये दक्षिणेतले उरलेसुरले लष्करी संरक्षण काढले गेले आणि तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मताच्या खऱ्या हक्कासाठी १९६५ पर्यंत लढावे लागले.

आपल्या संविधानाच्या कलम ६१ मध्ये राष्ट्रपतींवरील महाभियोगाचा आधार 'संविधानाचा भंग' हा आहे आणि प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे दोन तृतीयांश बहुमत लागते. शब्द भक्कम आहेत. पण संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे कसे आहेत यावर सारे ठरते, हा बाबासाहेबांचा नोव्हेंबर १९४९ चा इशारा वॉशिंग्टनमध्ये आधीच खरा ठरला होता.

म्हणून मित्रांनो, सत्तेतल्या कुणावर कारवाई होत असेल तर लगेच टाळ्या वाजवू नका. आधी आरोपपत्र वाचा. त्यात आपले दुःख लिहिले आहे की नाही, ते पाहा. लिहिलेले नसेल, तर ती लढाई त्यांची आहे. आपली लढाई अजून बाकी आहे.

जय भीम!