टायरवरच्या ७१०ची कुळकथा

२००५ साली आलेल्या बुगाटी वेरॉनच्या मागच्या टायरवर ‘३६५-७१० झेडआर ५४० ए’ असा नंबर असतो. १९२१ साली इटलीत ब्रेशियाच्या शर्यतीत पहिले चारही क्रमांक घेणारी बुगाटीची चिमुकली टाइप १३, जिला त्या विजयापासून ‘ब्रेशिया’ म्हणू लागले, तिला टायर लागतो ७१० × ९०. एकाच घराण्यातल्या, ऐंशीहून अधिक वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन गाड्या आणि दोघींच्या टायरवर तेच ७१०. हे दोन नंबर शेजारी शेजारी पाहिल्यापासून मी टायरच्या नंबरांच्या मागे लागलो आहे.

योगायोग वाटेल, पण गंमत आकड्यापेक्षा तो कशाचा आहे त्यात आहे. दोन्ही टायरांवर ७१० म्हणजे टायरचा बाहेरचा पूर्ण व्यास, मिलिमीटरमध्ये. आज रस्त्यावरच्या जवळजवळ कुठल्याही मोटारीच्या टायरवर हा व्यास लिहिलेला सापडणार नाही. आणि स्पोर्ट्‌स कारचे टायर बदलायला निघालेला माणूस सगळ्यात आधी शोधतो तो हाच आकडा.

कसा, ते पाहा. १९८९ची पोर्श ९११, म्हणजे जाणकार जिला ९६४ म्हणतात ती. पुढे २०५/५५ झेडआर १६, मागे २२५/५० झेडआर १६. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारी, म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात. पुढच्या टायरची उंची २०५चे ५५ टक्के, म्हणजे ११२.७५. वर आणि खाली मिळून २२५.५. त्यात १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर मिळवले की ६३१.९. मागच्याचा हिशेब ६३१.४ येतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. मागे अधिक रुंद टायर घालूनही चारही चाकं जमिनीवर सारख्याच फेऱ्यांनी चालावीत म्हणून हे जुळवलेलं आहे, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या कॅरेरा ४मध्ये तर ते फारच महत्त्वाचं. टायर बदलताना रुंदी वाढवली की टक्केवारी उतरवायची, हा नियम इथूनच येतो. मोजायचा असतो बाहेरचा व्यास. पण नंबर तो सांगत नाही, आपल्याला गुणाकार करायला लावतो. वेरॉनचा नंबर तो थेट सांगतो. टायरची उंची हवी तर ७१०मधून ५४० वजा करा, निम्मे करा, ८५ मिलिमीटर. संपलं.

जाता जाता त्या ‘झेड’बद्दल. टायरच्या कमाल वेगाची अक्षरं, ताशी किलोमीटरमध्ये, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४० अशी चढत जातात आणि मध्येच एच कुठून आला म्हणून लोक डोकं खाजवतात. माझ्या मते यात गूढ काही नाही. आधी तीनच पायऱ्या होत्या: एस, एच, व्ही. एच म्हणजे ‘हाय’ आणि व्ही म्हणजे ‘व्हेरी हाय’ हा जो उलगडा सांगतात तो मला पटतो, कारण तीनच पायऱ्या असताना वर्णमालेचा क्रम कुणाला हवा होता? पुढे टी आणि यू मध्ये घुसवले आणि एच बिचारा उपरा दिसू लागला. झेड २४०च्या वरचा. त्याच पट्ट्यात नेमकी मर्यादा सांगणारे डब्ल्यू २७० आणि वाय ३०० नंतर आले.

आता मूळ प्रश्न: बाहेरचा व्यास नंबरातून गेला कधी आणि का?

थॉमसनचं १८४५चं हवेच्या टायरचं पेटंट, डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये केलेला टायर, मिशलँ बंधूंनी १८९५च्या पॅरिस–बोर्दो शर्यतीत हवेच्या टायरवर पळवलेली मोटार, हे सगळं सर्वज्ञात आहे. आपल्याला हवा आहे तो त्यानंतरचा फुगीर कडेचा टायर. त्याच्या दोन्ही कडा रबराच्या, जाडसर. त्या रिमच्या आत वळलेल्या ओठांत अडकायच्या आणि आतली हवा त्यांना दाबून धरायची. या टायरांची मापं फ्रेंच पद्धतीने, बाहेरचा व्यास गुणिले रुंदी अशी मिलिमीटरमध्ये लिहीत: ७१० × ९०, ८१५ × १०५, ८२० × १२०. इंचांचा देश असलेल्या इंग्लंडातसुद्धा गाड्यांना हीच फ्रेंच मापं चालत. व्हॉक्सहॉल ३०-९८ला ८२० × १२० लागे. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टलाही मिलिमीटरचेच टायर. अमेरिका मात्र इंचात बोलत असे, फोर्डच्या मॉडेल टीला ३० × ३½. पण तिथेही पहिला आकडा बाहेरच्याच व्यासाचा.

मग १९२०च्या दशकात नंबर उलटा झाला. ४.४०-२१, म्हणजे रुंदी आधी आणि मग रिमचा व्यास. बाहेरचा व्यास गायब.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की अमेरिकेने बाजार जिंकला आणि इंचही जिंकला. इंच का जिंकला याला हे उत्तर बरं आहे, पण माप बाहेरून आत का सरकलं याला ते उत्तरच नाही. अमेरिकन लोक इंचातही बाहेरूनच मोजत होते.

माझा तर्क तारेवर उभा आहे. फुगीर कडेचा टायर ताणून रिमवर चढवायचा. कड रबराची, थोडी सैल-घट्ट झाली तरी चाले. त्यामुळे रिमचा नेमका व्यास विकत घेणाऱ्याला सांगायची गरज नव्हती. चार्ल्स किंग्स्टन वेल्चने १८९०मध्ये कडेत पोलादी तार घालून रिमच्या मधोमध खळगा ठेवायची युक्ती पेटंट केली. तार ताणली जात नाही. एक बाजू खळग्यात सोडायची, दुसरी वरून चढवायची. आजही पंक्चरवाला मोटारसायकलचा टायर नेमका असाच चढवतो. तार आली की रिमचा व्यास हाच टायरचा खरा पत्ता ठरतो. मिलिमीटरभर चुकलं तरी टायर बसत नाही किंवा धरत नाही.

या तर्कावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. अमेरिकेतल्या सरळ कडेच्या टायरांत तार होतीच. तरी ते कितीतरी वर्षं ३२ × ४ असे बाहेरच्या मापानेच विकले जात. तार आली त्या दिवशी नंबर बदलला नाही. याला माझं उत्तर असं: तार हे कारण, बलून टायर हे निमित्त. १९२३च्या सुमारास फायरस्टोन आणि मिशलँ दोघांनीही कमी हवेचे जाडजूड टायर आणले. त्यामुळे त्याच रिमवर बारीकही टायर बसे आणि लठ्ठही. बाहेरचा व्यास ही आता चाकाची ओळख राहिली नाही. संक्रमणाच्या काळात एकच टायर २९ × ४.४० असाही विकला गेला आणि ४.४०-२१ असाही. मॉडेल टीच्या शेवटच्या वर्षांतला हा टायर म्हणजे माझा सगळ्यात भक्कम साक्षीदार. एका अंगावर जुनं नाव आणि नवं नाव, दोन्ही.

त्यानंतर आपल्याकडे जे आलं ते सगळं या नव्या घराण्यातलं. आकुर्डीच्या चेतकचा ३.५०-१०, कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचा ५.२०-१४, दोन्ही अस्सल इंचाचे. मारुती ८००च्या १४५/७० आर १२मध्ये रुंदी मिलिमीटरची झाली पण रिम इंचाचीच राहिली. ही मिश्र भाषा रेडियल टायरने आणली. आणि रेडियल म्हणजे पुन्हा मिशलँ.

इथे एक विसरलेला अध्याय आहे. मिशलँने रिम इंचाला सहजासहजी दिली नाही. १९३७च्या पिलोत टायरसाठी त्यांनी ४०० मिलिमीटरची रिम चालवली आणि १९४९चा पहिला रेडियल, मिशलँ एक्स, याच मापावर वाढला. सित्रोएनची डीएस १६५-४००वर धावली. लान्सिया ऑरेलिया बी२०, जिला मी युद्धोत्तर काळातली सगळ्यात देखणी जीटी मानतो, तीही १६५-४००वर. पण बाकीच्या युरोपात रिम आधीच इंचाच्या होत्या. टायर चार-पाच वर्षांत बदलतो, रिम गाडीबरोबर जगते आणि रिम ठोकणारी यंत्रं त्याहून जास्त. एक्स टायर खपवायचा तर तो दुसऱ्यांच्या १५ इंची रिमवर बसला पाहिजे, म्हणून रुंदी फ्रेंच आणि व्यास इंग्लिश असा १६५ आर १५ निघाला. पोर्शच्या २०५/५५ आर १६चा थेट पूर्वज हाच.

मिशलँचा दुसरा प्रयत्न १९७५चा, टीआरएक्स. रिमचा ओठ बुटका आणि तिरपा केला, त्यामुळे टायरची बाजू अधिक सहज वाकते. अशा रिमवर इंची टायर चुकूनही बसता कामा नये, म्हणून व्यास ३६५, ३९० आणि ४१५ मिलिमीटर असे अधलेमधले निवडले. ३९० म्हणजे १५ आणि १६ इंचांच्या मध्ये कुठेतरी, ४१५ म्हणजे १६ आणि १७च्या मध्ये. मला इथे जे दिसलं ते कुणी फारसं सांगत नाही: या मापांतली पायरी २५ मिलिमीटरची आहे. इंच म्हणजे २५.४. इंचाशी लढायला निघालेली मोजपट्टीसुद्धा पावलं इंचाचीच टाकत होती! १९७९ची मस्टँग, बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह आणि सिक्स सिरीज, फेरारी ४००आय आणि पहिल्या टेस्टारोसा यांनी टीआरएक्स घेतला. टेस्टारोसाच्या पुढे २४०/४५ व्हीआर ४१५, मागे २८०/४५ व्हीआर ४१५. थोड्याच वर्षांत फेरारीही इंचावर परतली.

तिसरा प्रयत्न पॅक्स, १९९०च्या दशकाच्या अखेरीचा. आत आधाराचं कडं, हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटरने २०० किलोमीटर जाण्याची सोय, आणि हवा नसतानाही रिम न सोडणारी कड. फुगीर कडेच्या टायरचं दुखणं नेमकं हेच होतं, हवा गेली की तो रिमवरून उतरे. नंबरातला शेवटचा ‘ए’ म्हणजे असमान, कारण रिमच्या दोन कडांचे व्यास वेगळे. वेरॉन, रोल्स रॉइस फँटम (२६५-७९० आर ५४० ए) यांनी हा टायर घेतला. आणि नंबरात रुंदीपाठोपाठ परत आला बाहेरचा व्यास.

तर मग ७१० हा ब्रेशियाला केलेला नमस्कार होता का? मला तसं म्हणायला फार आवडलं असतं. ७१०मधून दोनदा ९० वजा केले तर ५३० उरतात, आणि वेरॉनची रिम ५४०ची. इतकं जवळ येऊन मोह आवरणं कठीण. पण अमेरिकेतल्या होंडा ओडिसी नावाच्या कुटुंबाच्या गाडीलाही पॅक्सच होता, आणि त्याचा नंबर २३५-७१० आर ४६० ए. तिथे ब्रेशियाशी काही नातं लावता येत नाही. आकड्याचा योगायोग मी सोडून देतो.

आकड्यामागचं व्याकरण मात्र सोडत नाही. अभियंत्यांचं स्पष्टीकरण असं असेल की ब्रेक आणि वेगमापक सांभाळणाऱ्या संगणकाला बाहेरचा व्यास लागतो, म्हणून तोच लिहिला. खरं आहे; पण तो पोर्शच्या संगणकालाही लागतो आणि पोर्शच्या टायरवर तो नाही. नवी पद्धत कोऱ्या कागदावर लिहायची संधी मिळाल्यावर माणूस घरात ऐकलेली भाषा वापरतो, असं माझं मत आहे. मिशलँचं घर उभं राहिलं १८९१च्या सायकलच्या टायरवर, आणि फ्रेंच सायकलीत ही भाषा कधी मेलीच नाही. पुण्या-मुंबईच्या सायकल दुकानात आज टांगलेल्या ७००सी टायरमधलं ७०० काय आहे? बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याची रिम ६२२ मिलिमीटरची, आणि सी हे अक्षर एके काळी रुंदीसाठी होतं. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं २८ × १½ हेही बाहेरूनच मोजलेलं, फक्त इंचात. सायकल, फुगीर कड, पॅक्स ही माझ्या लेखी एकच वंशावळ आहे. मध्ये तार आणि बलून यांनी मोटारींची शाखा वेगळी वळवली, एवढंच.

२०१६ची बुगाटी शिरॉन पुढे २८५/३० झेडआर २०, मागे ३५५/२५ झेडआर २१वर आली. म्हणजे पुन्हा इंच आणि पुन्हा गुणाकार.

या इतिहासाचा त्रास आज ज्यांना होतो ते म्हणजे मधल्या प्रयत्नांच्या काळातल्या गाड्यांचे मालक. टीआरएक्सवाल्यापुढे दोन वाटा आहेत: मिशलँ अजून थोड्या मापांत काढते ते महागडे टायर घ्यायचे, किंवा चारही रिम बदलून १६ इंची करायच्या. रोज चालवायच्या बीएमडब्ल्यूला मी रिम बदलेन, जुन्या काढून ठेवेन. टेस्टारोसाला मूळ टायरच घालेन, कारण तिची चाल त्या वाकणाऱ्या बाजूवर बेतलेली आहे. विकत घेताना कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. या टायरांचा खप कमी, माल वर्षानुवर्षं पडून राहतो आणि नक्षी कोरी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं.

खरी जपायची ती ऑरेलिया. टीआरएक्सच्या ३९०च्या रिमवर १६ इंची टायर इतका ढिला पडतो की कुणाच्याही लक्षात येईल. पण ४०० मिलिमीटर आणि १६ इंच यांत फरक फक्त ६.४ मिलिमीटरचा. १६ इंची टायर त्या रिमवर चढतो, हवा धरतो, बसल्यासारखा दिसतो आणि जोरात वळण घेताना कड सोडू शकतो. अशा गाडीच्या रिमवर कुणी काय सांगितलं त्यावर न जाता टायर उतरवून, जिथे टायरची कड टेकते तिथला व्यास पट्टीने मोजावा. ४०० आला तर १६५-४०० हाच टायर मागवावा.