गुप्त मताची वाट: बॅलरॅटपासून विक्रोळीपर्यंत

मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा आणि त्यामागे क्षणभर एकटा उभा राहणारा मतदार, हे दृश्य निवडणुकीइतकेच जुने असावे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात या आडोशाची वाट लांबून आणि पुष्कळ वळणे घेत आली आहे. प्राचीन बौद्ध भिक्षुसंघात मतभेद झाला, की शलाका म्हणजे काड्या वाटून मते घेत. त्याच्या तीन रीती विनयपिटक या बौद्ध ग्रंथात नोंदल्या आहेत आणि त्यांतली एक गुप्त होती. शलाका वाटणारा भिक्षू प्रत्येकाला बजावत असे, की ही कोणाला दाखवू नका. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघाच्या मतदान पद्धतीचा आवर्जून उल्लेख केला होता. रोममध्ये इसवी सनापूर्वी 139 साली अधिकाऱ्यांच्या निवडणुकीत तोंडी मताची जागा लेखी पाटीने घेतली. पुढे हे दोन्ही धागे तुटले.

आता आपण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात येऊ. तिथे मतदार चारचौघांत उमेदवाराचे नाव उच्चारी, कारकून ते वहीत टिपून घेई आणि अशा वह्या छापून प्रसिद्धही होत. जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत देणाऱ्या कुळाची जमीन जाई, दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटे. खासदार जॉर्ज ग्रोट 1830च्या दशकात संसदेत गुप्त मतदानाचा प्रस्ताव पुनःपुन्हा मांडत राहिले, संसद तो फेटाळत राहिली. 1838च्या लोकसनदेने सर्व प्रौढ पुरुषांच्या मताधिकाराबरोबर गुप्त मतदानाचीही मागणी केली. लाखो सह्यांचे अर्ज 1839, 1842 आणि 1848 मध्ये संसदेपुढे आले आणि तिन्ही वेळा निष्फळ ठरले. या सनदेसाठी झटणाऱ्या जॉन फ्रॉस्टसारख्या चळवळ्यांना काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर धाडण्यात आले. चळवळ हरली, पण तिची माणसे आणि तिचे विचार आता समुद्र ओलांडू लागले.

1851 साली ऑस्ट्रेलियातली व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत झाली आणि त्याच वर्षी तिथे सोने सापडले. तेव्हा सुमारे 77 हजार असलेली लोकसंख्या दहा वर्षांत 5 लाख 40 हजारांच्या घरात गेली. इंग्रज, आयरिश, वेल्श, जर्मन, इटालियन, अमेरिकन, चिनी अशी माणसे बॅलरॅट आणि बेंडिगोच्या मातीत खड्डे खणू लागली. सोने लागो न लागो, खणण्याच्या परवान्यापोटी सुरुवातीला दरमहा 30 शिलिंग भरावे लागत. परवाना तपासायला पोलीस झडती घालत आणि कर भरणाऱ्या बहुतेकांना मत मात्र नव्हते. 11 नोव्हेंबर 1854 रोजी बॅलरॅटच्या बेकरी हिलवर हजारो खाणकामगार जमले आणि रिफॉर्म लीगची सनद संमत झाली. तिच्यातल्या बहुतेक राजकीय मागण्या 1838च्या लोकसनदेतल्याच होत्या. लीगचे एक पुढारी जॉन हम्फ्रे हे वेल्समधून आलेले, लोकसनदेच्या चळवळीतले जुने कार्यकर्ते होते. मागण्या मान्य झाल्या नाहीत, तेव्हा खाणकामगारांनी बॅलरॅटमध्येच युरेका इथे तटबंद तळ उभारला आणि 3 डिसेंबरला पहाटे सैन्याने तो मोडला. वीसहून अधिक खाणकामगार आणि काही सैनिक मारले गेले. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले, पण मेलबर्नच्या ज्यूरींनी एकालाही दोषी धरले नाही. 1855 मध्ये मासिक परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंडाचे हक्कपत्र आले. त्याबरोबर मताधिकारही मिळाला. लढ्यात हात गमावलेले पीटर लेलर त्याच वर्षी कायदेमंडळात पोहोचले.

या बदललेल्या हवेत मेलबर्नचे माजी महापौर विल्यम निकोल्सन यांनी डिसेंबर 1855 मध्ये गुप्त मतदानाचा ठराव मांडला आणि सरकारचा विरोध असतानाही तो मंजूर झाला. त्याची कलमे वकील हेन्री चॅपमन यांनी रचली. मतपत्रिका सरकारने छापायची, तीवर सर्व उमेदवारांची नावे असायची, ती केंद्रातच द्यायची आणि मतदाराने आडोशाला जाऊन नको असलेली नावे खोडायची. 19 मार्च 1856 रोजी याचा कायदा झाला. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानेही एप्रिलमध्ये असाच कायदा केला आणि पुढे तिथले निवडणूक अधिकारी विल्यम बूथबी यांनी नावापुढच्या चौकोनात फुली मारण्याची पद्धत आणली.

या विजयाची काळी बाजूही इथेच नोंदवली पाहिजे. 1855 मध्येच व्हिक्टोरियाने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर लादला. ज्यांच्या भूमीवर हे सारे घडत होते, ते आदिवासी या सुधारणेच्या हिशेबातच नव्हते. व्हिक्टोरियातल्या स्त्रियांना राज्याच्या निवडणुकीत मत द्यायला 1908 साल उजाडावे लागले.

15 ऑगस्ट 1872 रोजी इंग्लंडात पॉन्टेफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा गुप्त मत पडले, म्हणजे वसाहतीने मायदेशाला धडा दिला. अमेरिकेत ही पद्धत 1888पासून ‘ऑस्ट्रेलियन मतपत्रिका’ या नावानेच पसरली. स्वतंत्र भारताने 1951-52 मध्ये 17 कोटींहून अधिक मतदारांसाठी तिला नवे रूप दिले. बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी आडोशामागे ठेवली गेली. अशा 12 लाखांहून अधिक पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. 1962च्या सार्वत्रिक निवडणुकीत पेट्यांच्या जागी एकाच मतपत्रिकेवरचा शिक्का सर्वत्र आला आणि 2004 मध्ये देशभर मतदान यंत्र आले.

पेटी बदलली, कागद गेला, आडोसा मात्र टिकला. कूळ, मजूर, कर्जदार, सून अशा दुसऱ्याच्या आधारावर जगणाऱ्या माणसाचे मत त्या आडोशामुळेच त्याचे स्वतःचे राहते. म्हणून मतदान केंद्रात मोबाइलवर आपल्या मताचे छायाचित्र काढण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे: मत दाखवण्याची मुभा एकाने घेतली, की ते दाखवण्याची सक्ती दुसऱ्यावर करता येते.