एका रोपाचीं दोन नांवें

मंडईतून आलेली कोथिंबिरीची जुडी आणि डब्यांतले धने हीं एकाच रोपाचीं दोन रूपें होत, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावें लागत नाहीं. परंतु या दोन नांवांमागें केवढा इतिहास उभा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतों.

‘कोथिंबीर’ हा शब्द संस्कृत ‘कुस्तुंबुरु’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेनें मराठींत आला. त्या शब्दांतील सकाराची उपपत्ति देण्यासाठीं पाणिनीनें अष्टाध्यायींत स्वतंत्र सूत्र योजिलें आहे. म्हणजे अदमासें चोवीस शतकांपूर्वीं ही वनस्पति येथें नित्याच्या परिचयाची होती. ‘धने’ हा शब्द ‘धान्यक’ या शब्दापासून आला. चरकसंहितेंत तहान शमविणाऱ्या दहा द्रव्यांत त्याची गणना आहे. उन्हाळ्यांत कुटलेले धने रात्रीं पाण्यांत भिजत घालून, सकाळीं तें पाणी गाळून खडीसाखरेसह देण्याची आमच्या घरांतील रीत ही त्याच परंपरेंतली.

तथापि, ही वनस्पति मूळची आपलीच, असें मात्र म्हणवत नाहीं. तिचें मूळस्थान भूमध्यसमुद्राचा पूर्वकिनारा व पश्चिम आशिया यांच्या आसपास असावें, असें मानतात. मिसर देशांत 1922 सालीं सांपडलेल्या तुतांखामेन राजाच्या थडग्यांत धने होते. 1952 सालीं उलगडलेल्या प्राचीन ग्रीक लिपींतील मातीच्या पाट्यांवरहि धन्यांचे हिशोब आढळले. आमच्या जुन्या स्वयंपाकांत परकें कांहीं नव्हतें, असें अभिमानानें सांगणाऱ्यांनीं याचा विचार करावा. मिरची आणि बटाटा पोर्तुगीजांच्या काळांत आले म्हणून ते उपरे. धने त्याच्या कितीतरी आधीं आले, म्हणून त्यांचें परकेपण आपण विसरलों, इतकेंच!

दोन नांवें देण्यांत आपल्या पूर्वजांनीं चूक केली नाहीं. हिरव्या पानाचा उग्र वास अल्डिहाइड नांवाच्या द्रव्यांचा. फळ पिकून वाळलें कीं तो ओसरतो आणि लिनलूल या तेलद्रव्याचा गोड सुगंध उरतो. पानांतील ‘क’ जीवनसत्त्व आंचेनें नष्ट होतें. कोथिंबीर वरणावर किंवा पोह्यांवर शेवटीं पेरणारा हात हें रसायन शिकलेला नव्हता; पण तो चुकलाहि नाहीं. मात्र त्यावरून धन्यांचें पाणी सर्व रोगांवर औषध ठरत नाहीं. चरकानें त्यास तहान भागविण्याचें काम दिलें. तेवढें तें चांगलें करतें.

धनत्रयोदशीस आम्ही धने-गुळाचा नैवेद्य दाखवितों. दूरदेशींहून आलेला पाहुणा घरच्या देवापुढें बसला, तो असा. संस्कृतीची श्रीमंति पाहुणे परतवून लावण्यांत नसून त्यांस आपलें नांव देण्यांत असते.