दिवा बदलला आणि पोवळी पांढरी पडली

परवा आईचा फोन आला होता. ख्यालीखुशाली झाली, पावसाची चौकशी झाली, आणि मग तिने विचारलं, "तुझं ते पोवळं गेलं की राहिलं गं?" आईच्या लेखी पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीतलं. ते काचेच्या टाकीत हात हलवत बसतं, त्याला खायला घालावं लागतं, हे तिला फोटो पाहूनही पटत नाही. गेल्या वर्षभरात मावशी, आत्या आणि दोन-तीन ब्लॉगर मित्रांनीही हाच प्रश्न विचारला. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ही टाकी मुळात माझी नाहीच. आमच्या इमारतीत खाली एक जर्मन आजोबा राहायचे. २०१९च्या शरदात ते वृद्धाश्रमात गेले आणि जाताना ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, एक जाडजूड वही आणि पाण्याचे डबे आमच्याकडे ठेवून गेले. टाकीत इतर बरंच काही होतं, पण त्यांचा जीव होता तो एका युफिलियावर. हिरवट तपकिरी, टोकांना जांभळी झाक असलेलं हे प्रवाळ त्यांनी १९९६ साली मुठीएवढं असताना आणलं होतं. माझ्याकडे आलं तेव्हा ते ताटाएवढं झालं होतं. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "ती कशी आहे?" बायकोबद्दल विचारावं तसं. बायको २००८ मध्ये गेली.

टाकीवर टी-फाइव्ह जातीच्या चार बारीक ट्यूबलाइट होत्या. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून नेहमीच्या टी-फाइव्ह ट्यूब बाजारात आणणं बंद केलं. दुकानांतला साठा संपत गेला. २०२४च्या वसंतात शेवटच्या जोडीने मान टाकली आणि मी एलईडीचा दिवा घेतला. दुकानदार म्हणाला, "ऐंशी टक्क्यांवर ठेवा, काही होत नाही." घरी आणून लावला तर निळा, मंद, सिनेमागृहासारखा उजेड. मला तर आधीपेक्षा कमीच वाटला.

दहाव्या दिवशी मोंटिपोराची चकती कडेने फिकट झाली. बाराव्या दिवशी ती चुनकळीसारखी पांढरी. युफिलियाने हात आखडून घेतले आणि तिचा तपकिरी रंग पाण्यात टाकलेल्या चहाच्या पिशवीसारखा उतरत गेला. मला वाटलं रोग. मी पाणी बदललं, आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढलं, जागा हलवली, म्हणजे आजारी माणसाला दिवसातून तीनदा खाट बदलायला लावली म्हणा ना. आणि रविवारी आजोबांना सांगितलं, "सगळं छान आहे."

हे खोटं मला फार टोचलं. रात्री झोप येईना तेव्हा माझी जुनी खोड उफाळून आली: एखादी गोष्ट बिघडली की तिचा इतिहास वाचायला बसायचं. नवरा म्हणतो, गळका नळ दुरुस्त करण्याऐवजी तू रोमन जलवाहिन्यांवर पुस्तक आणशील. असो.

घरात समुद्री प्रवाळ सांभाळणाऱ्या पहिल्यांपैकी एक होत्या लंडनच्या ॲना थिन. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठा पाद्री. १८४६ साली त्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या, तिथल्या खडकांवरची छोटी प्रवाळं त्यांना आवडली. प्रवासात ती आपटू नयेत म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजवर टाकून घेतली आणि दगडी बरणीतून लंडनला आणली. समुद्राचं पाणी पुरेना, म्हणून मोलकरणीने रोज अर्धापाऊण तास उघड्या खिडकीशी उभं राहून ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, हवा मिसळावी म्हणून. प्रवाळं जगली, त्यांना पिल्लंही झाली. मोलकरणीचं नाव मात्र कुठे वाचायला मिळत नाही. हवेचा पंप होती ती त्या टाकीचा!

यातली गंमत मला नंतर कळली. त्या थंड पाण्यातल्या प्रवाळांना उजेड लागतच नाही. आईच्या अंगठीतलं भूमध्य समुद्रातलं लाल पोवळंही तसंच, अंधाऱ्या कपारीत वाढणारं. पुढे १८५० च्या दशकात इंग्लंडात मत्स्यालयांचं वेड पसरलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं. त्या काळातल्या लोकांना उजेड हा शत्रूच वाटायचा. खिडकीतल्या टाकीचं पाणी हिरवंगार व्हायचं, जीव मरायचे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने तर मागची बाजू उतरती केलेली टाकी बनवली, उजेड फक्त वरून आणि बेताचा यावा म्हणून.

उष्ण समुद्रातल्या प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगात पिवळ्या-तपकिरी रंगाच्या सूक्ष्म पेशी असतात. कार्ल ब्रांट यांनी १८८१ साली या जातीच्या पेशींना झूझॅन्थेला असं नाव दिलं. ही एकपेशीय शैवाळं प्रवाळात काय करतात, हे कळायला मात्र फार वेळ गेला.

१९२८च्या जुलैत मॉरिस यंग नावाचा अठ्ठावीस वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ एक तुकडी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लो आइल्स नावाच्या इवल्याशा बेटावर गेला आणि वर्षभर राहिला. बायको मॅटी मोहिमेची डॉक्टर. तिथे त्यांनी प्रवाळं उजेड शिरणार नाही अशा पेट्यांत ठेवून पाहिली, उपाशी ठेवून पाहिली, गरम पाण्यात ठेवून पाहिली. १९३१ साली यंग आणि निकोल्स यांनी लिहिलं की त्रास झाला की प्रवाळ आपल्या अंगातली शैवाळं बाहेर टाकतं. रंग जातो, पण जीव लगेच जात नाही. पांढरं दिसतं ते पारदर्शक कातडीतून दिसणारं खालचं चुन्याचं हाड.

हे वाचून मी रात्री दीड वाजता टॉर्च घेऊन टाकीशी गेले. युफिलियावर कातडी होती. मोंटिपोराच्या मधल्या भागावरही पातळ साय असावी तशी होती. म्हणजे मेलेली नव्हती, रिकामी झाली होती.

यंग यांचं एक मत मात्र चुकलं. प्रवाळ पूर्ण मांसाहारी आहे, शैवाळापासून त्याला खाणं मिळत नाही, असं ते ठासून सांगत राहिले. १९५८ साली मस्कटाइन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं की समुद्रफुलाच्या अंगातलं शैवाळ आपण बनवलेलं अन्न यजमानाला देतं. वर्षभरात जमैकाहून टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात प्रवाळ अंधारापेक्षा किती तरी वेगाने हाड बांधतं. थोडक्यात, पोटात भाडेकरू ठेवलाय, तो भाडं साखरेत देतो आणि त्याला ऊन लागतं.

ऊन जकार्तात फुकट. तिथल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहिलं की जिवंत खडक, हवेचे थोडे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालतात. उत्तर जर्मनीत डिसेंबरात दुपारी चारला अंधार. मग इथल्या हौशी मंडळींनी स्टेडियम आणि दुकानांसाठी बनवलेले मेटल हॅलाइड दिवे टाक्यांवर टांगले. ऐंशीच्या दशकात बर्लिनच्या मंडळींची पद्धत गाजली: जिवंत खडक, फेस काढणारं यंत्र, झगझगीत दिवे आणि काल्कवासर. हे काल्कवासर म्हणजे आपली चुन्याची निवळी हो! पेटर विल्केन्स यांनी ती रुजवली. लहानपणी आजी मला चमच्याने पाजायची तीच. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे हातोहाती किती तरी देशांत पोचले. आपल्याकडे मोगऱ्याची फांदी जाते शेजारी, तसे.

आणि याच काळापासून दिवा बदलल्यावर प्रवाळ पांढरं पडल्याच्या कहाण्या सुरू होतात. कोणी ट्यूब काढून हॅलाइड लावला. कोणी दोन टोकांच्या हॅलाइड दिव्यापुढची काच क्षाराने धुरकट झाली म्हणून काढून टाकली. ती काच अतिनील किरण अडवत होती, प्रवाळं भाजली. कोणी दिवा तोच ठेवला, पण वर्षभर वापरून मंदावलेला बल्ब काढून नवा बसवला. सगळ्यात मजेदार प्रकार कोळशाचा. टाकीचं पाणी हळूहळू पिवळसर होतं आणि ते पिवळेपण निळा उजेड गिळतं. खूप दिवसांनी गाळणीत ताजा कोळसा घातला की पाणी एका दिवसात नितळ होतं आणि दिव्याला हातही न लावता दिवा बदलल्यासारखंच होतं.

कारण एकच. शैवाळाने मंद उजेडात जास्तीत जास्त किरण टिपता यावेत म्हणून आपली यंत्रणा मोठी करून ठेवलेली असते. त्यावर एकदम जोराचा उजेड पडला की साखर बनवायला लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा आत येते आणि तिच्यातून जाळणारे ऑक्सिजनचे कण तयार होतात. प्रवाळाला ते सोसत नाहीत, ते भाडेकरूलाच हाकलतं. समुद्रात हेच उष्णतेने होतं. गरम पाण्यात शैवाळाची उजेड सोसायची ताकद कमी होते. १९९८ साली जगभर प्रवाळं पांढरी पडली, तेव्हा पाणी तापलेलं होतंच, वर ऊन होतं. माझ्या टाकीत पाणी नेहमीचंच होतं, फक्त ऊन मी लावलं होतं.

पण मला तर उजेड कमी वाटला होता! त्याचंही उत्तर सापडलं. आपले डोळे हिरव्या-पिवळ्याला तीक्ष्ण, निळ्याला मठ्ठ. लक्स मोजणारं यंत्र आपल्याच डोळ्यांवर बेतलेलं, तेही मठ्ठ. शैवाळाला मात्र निळा उजेड प्यारा. म्हणून प्रकाशकण मोजावे लागतात, पार मीटरने. हे मोजमाप हौशी लोकांत रुजवणाऱ्यांत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले इंजिनियरिंगचे प्राध्यापक संजय जोशी यांचं नाव वाचलं आणि मी उगाचच खुर्चीत सावरून बसले. त्यांनी किती तरी हॅलाइड बल्ब चोकसकट तपासून दाखवलं की वॅट सारखे असले तरी उजेड सारखा नसतो. मग १९९३ साली प्रखर निळा एलईडी आला (त्याच्या कर्त्यांना २०१४चं नोबेल मिळालं), त्यावर भिंगं बसवली गेली, आणि वॅटवरून अंदाज करणं पारच संपलं.

गावातल्या एका हौशी गृहस्थांकडून मीटर उसना आणला. माळ्यावरून जुन्या ट्यूब काढून परत जोडल्या, एक मिणमिणत लागली म्हणून तीनच धरल्या. युफिलियाच्या जागी आकडा आला ७०. नव्या दिव्याखाली त्याच जागी ३१०. मी खाली बसले. दुकानदाराच्या ऐंशी टक्क्यांना दोष द्यायला जीभ शिवशिवत होती, पण मीटर आधीही उसना मिळाला असता.

दिवा वीस टक्क्यांवर आणला. वर डासांच्या जाळीचे दोन थर टाकले, दर पंधरा दिवसांनी एक काढायचा. भाडं बंद झालेल्या युफिलियाला रात्री चिमट्याने कोळंबीचा बारीक कीस भरवला. आणखी एक चूक वही वाचताना सापडली. आजोबा उडालेल्या पाण्याची भरपाई चुन्याच्या निवळीने करायचे, मीही तेच करत होते. पण ट्यूबची ऊब गेल्यावर पाणी कमी उडायला लागलं, रोज चार लिटरच्या जागी अडीच. म्हणजे निवळीही तेवढीच कमी. दिवा बदलला आणि कोणाच्या लक्षात न येता चुनाही तोडला गेला होता.

मोंटिपोरा गेली. तिच्यावर महिन्याभरात हिरवं शेवाळ चढलं. युफिलियाच्या बुडाशी सहाव्या आठवड्यात तपकिरी छटा दिसली. मी तीनदा चष्मा पुसून पाहिला, लेकीलाही उठवून दाखवली.

मग एका रविवारी आजोबांना भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचंही. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, वहीतलं १९८७चं पान वाचलंत का? मी ते गाळलं होतं, अक्षर लागत नव्हतं म्हणून. त्यांनी नवा हॅलाइड दिवा लावून एका आठवड्यात अकरा प्रवाळं भाजली होती. बायकोला सांगितलं होतं, साथ आली.

"आता किती टक्क्यांवर आहे?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस."

"नाताळपर्यंत पस्तीसच राहू द्या," म्हणाले, आणि बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं.