लोखंडी नांगर आणि मुदतीचा प्रश्न : किर्लोस्करांच्या आरंभकाळासंबंधी एक टिपण

नवा उद्योग कोणत्या परिस्थितीत तग धरतो, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा उद्योजकाच्या गुणांपाशी येऊन थांबते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) ह्यांचे चरित्र तर अशा गुणवर्णनास इतके सोयीचे आहे की, त्यातील काळाचा आणि पैशाचा हिशेब कोणी फारसा मांडीत नाही. लक्ष्मणरावांची चिकाटी असामान्य होती ह्यात वाद नाही. परंतु चिकाटीलाही अन्न लागते, आणि ते कोठून आले हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असता रंगांधत्वामुळे लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. पुढे यांत्रिक रेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापक झाले. बढती डावलली गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान १८८८ पासून चालत असे. दुकानाच्या जोडीला कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. मात्र त्याला गिऱ्हाईक मिळेना. पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती असे सर्वत्र सांगितले जाते. तिला हसण्यापूर्वी थोडा विचार करावा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यात दुरुस्त करून देई. बिडाचा फाळ मात्र गावच्या लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकता येत नाही. तो तुटला की नवाच आणावा लागतो. म्हणजे नवा नांगर घेणारा शेतकरी केवळ अवजार बदलत नव्हता. तो बलुत्याच्या आश्रयातून बाहेर पडून एका दूरच्या, अपरिचित कारखान्यावर विसंबत होता. त्याची दोन वर्षांची शंका आम्हांस मुळीच अनाठायी वाटत नाही.

ही दोन वर्षे कोणाच्या पैशावर निघाली? बँकेच्या नव्हे, हे निश्चित. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांना तीन महिन्यांहून अधिक मुदतीची कर्जे देण्यास, तसेच स्थावर मिळकतीच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई केली होती. कापसाच्या गाठी किंवा हुंडी ह्यांना ती मुदत पुरेशी होती. खरीप ते खरीप वाट पाहणाऱ्या नांगराला ती पुरणे शक्य नव्हते. सावकार सोने किंवा शेत पाही. साचे आणि ओतशाळा ह्यांना त्याच्या तराजूत वजन नव्हते. तेव्हा नांगराचा भार वाहिला तो सायकलींनी आणि कडबा कापण्याच्या यंत्रांनी. खपणाऱ्या मालाने न खपणाऱ्या मालाला पोसले. नवोद्योगांच्या आजच्या चर्चेत भांडवलाच्या रकमेचा जितका विचार होतो तितका मुदतीचा होत नाही, म्हणून हा तपशील येथे मुद्दाम नोंदविला.

पुढचे संकट मात्र अशा अंतर्गत पोषणाने निभावणारे नव्हते. बेळगावच्या नगरविस्ताराच्या योजनेत कारखान्याची जागाच गेली. ह्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. लक्ष्मणरावांशी त्यांचा परिचय होता, आणि औंध येथील सभामंडपाचे कामही त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार असल्याने हा स्नेह केवळ व्यवहाराचा नसावा. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज एवढ्या आधारावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. जमीन ओसाड होती हे खरे; परंतु ती पुणे–मिरज लोहमार्गाला लागून होती, हे त्याहून महत्त्वाचे. कोळसा व कच्चे लोखंड आत येणे आणि नांगर बाहेर जाणे त्या एका स्थानकावर अवलंबून होते.

शुम्पेटर ह्यांचा आर्थिक विकासाच्या उपपत्तीवरील ग्रंथ १९११ मधला. नवप्रवर्तकाच्या पाठीशी पत निर्माण करणारा बँकर असावा लागतो, असे त्यात प्रतिपादन आहे. किर्लोस्करवाडीत त्या बँकरच्या जागी एक संस्थानिक बसलेला दिसतो. हा फरक लहान नव्हे. बँक आपला नियम दुसऱ्या अर्जदारालाही लावते. राजाची मर्जी तशी लावता येत नाही. शिवाय बाळासाहेब गादीवर आले ते १९०९ च्या अखेरीस. बेळगावची जागा दोन वर्षे आधी गेली असती, तर मदत देण्याचा अधिकारच त्यांच्या हाती नसता. उद्योगाच्या यशामागील ‘अनुकूल परिस्थिती’ किती निसटती असू शकते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पहिल्या महायुद्धाने परदेशी नांगरांची आयात आटली. त्याचा लाभ मिळाला, पण लोखंड व कोळसा ह्यांचीही टंचाई पडली आणि कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यापर्यंत वेळ आली. युद्ध संपल्यावर, १५ जानेवारी १९२० रोजी, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी नोंदली गेली, आणि भागभांडवलाचा मार्ग अखेर मोकळा झाला. नांगराच्या जन्मानंतर सुमारे सतरा वर्षांनी.

औंधचे दार आणखी एकदा उघडल्याचे दिसते. कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला. लघु व मध्यम उद्योगांना मुदतीची कर्जे देणारी राज्य वित्तीय महामंडळे स्थापण्याचा कायदा व्हावयास मात्र १९५१ साल उजाडावे लागले. तोवर औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झालेले होते.