चरीचा संप: सहा वर्षं न पेरलेली शेतं

संप म्हटलं की आपल्याला मुंबईची गिरणी आठवते. कामगार बाहेर थांबतो, मालकाचं उत्पादन बंद पडतं. पण शेतकऱ्याने संप करायचा म्हणजे काय करायचं? शेत पेरायचं नाही. त्यात खोताचा भात बुडतो, तसा आपल्या घरातलाही बुडतो. असा संप अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी केला. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीच्या सभेत तो जाहीर झाला. एकूण २५ गावं त्यात उतरली आणि १९३९ पर्यंत टिकली. नेते होते नारायण नागू पाटील.

आता कुळं या टोकाला का गेली, ते बघू. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा मधला माणूस. हळूहळू तोच गावाचा धनी झाला. खाडीचं पाणी अडवायला बांध घालायचा कुळाने, खारपाट जमीन पिकती करायची कुळाने, आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताच्या कोठारात. वर वेठ, म्हणजे खोताच्या घरचं आणि शेतावरचं फुकट काम. पावसाळ्यात भात संपला की त्याच्याकडूनच उसना घ्यायचा आणि सुगीला वाढीने फेडायचा. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही. कारण हातात कागद नाही.

ही गोष्ट एकट्या कोकणाची नाही. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात आयमारा आणि केचुआ शेतकरी जमिनीच्या एका तुकड्यासाठी मालकाकडे असेच फुकट राबत. ती व्यवस्था मोडायला तिथे १९५२ ची क्रांती आणि १९५३ चा जमीन सुधारणेचा हुकूम यावा लागला.

चरीकरांनी ही सहा वर्षं काढली कशी? डोंगरातला लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी आणि चिंबोऱ्या धरून. पोटाला चिमटा होताच. पण २५ गावं एक राहिल्यामुळे पडीक शेत कसायला दुसरं कूळ मिळणं खोताला अवघड झालं.

हा प्रश्न गावापुरता राहिला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मंजूर झालं नाही. पण याच काळात, १९३७ मध्ये, नारायण नागूंनी 'कृषीवल' सुरू केलं, आणि कुळांची बाजू छापून येऊ लागली.

शेवटी महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला आले. १९३९ च्या कूळ कायद्याने 'संरक्षित कूळ' ही ओळख दिली. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं.

आज अलिबागच्या वाटेवर जागोजाग प्लॉटच्या पाट्या दिसतात. जमीन विकायची की ठेवायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. फक्त घरातला सातबारा एकदा काढून बघा. त्यावर आजोबांचं नाव असेल, तर ते तिथे यायला गावांनी काय सोसलं, एवढं मुलांना सांगा.