काचेच्या तळ्यातील कर्बवायूचा कारभार

जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ साली इंग्लंडातील लीड्स गावी राहावयास आला, तेव्हा त्याच्या शेजारी बिअरची भट्टी होती; तेथील आंबत्या पिंपांवर साचून राहणारा जड वायू, म्हणजे कर्बवायू, पाण्यात कसा मुरतो हे पाहता पाहता त्याला सोडावॉटर करण्याची रीत सापडली, आणि १७७२ मध्ये त्याने ती छापून प्रसिद्धही केली. मेणबत्ती विझून बिघडलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली असता ती हवा पुन्हा ज्योत धरते, हे १७७१ मध्ये त्यानेच पाहिले होते. परंतु भट्टीवरचा वायू हेच वनस्पतीचे अन्न, हा संबंध त्याच्या ध्यानी आला नाही. तो १७८२ मध्ये जिनीव्हाच्या झां सेनेबिए याने जोडला: उकळून वायुरहित केलेल्या पाण्यात पाने उन्हात ठेवली तर प्राणवायूचे बुडबुडे उठत नाहीत, आणि त्यात कर्बवायू मुरविला की उठू लागतात.

पुढे १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने काचेच्या तळ्यातील दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती यांच्या सहवासाची हकीकत मांडली. कुजत्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या, आणि मग मासे कर्बवायू सोडतात, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते, गोगलगायी कुजके फस्त करतात, असा जमाखर्चाचा मेळ बसला. हा समतोल निसर्गाचा कायदाच, अशी समजूत नंतरच्या मत्स्यपालकांत दीर्घकाळ टिकली. माझ्या मते तो मेळ खरा होता, पण बेताच्या संसाराचा होता. कारण हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम कर्बवायू राहतो, पाण्यात तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, आणि प्रखर दिव्याखालच्या दाट हिरवळीला दोन माशांचा श्वास पुरणे शक्य नाही.

हे ओळखून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन हौशी मंडळींनी सिलिंडरमधून वायू देण्याची तजवीज केली. कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांच्या १९८६ च्या इंग्रजी ग्रंथाने ती रीत दूरवर पोचविली. जपानात नीगाताच्या ताकाशी आमानो यांनी आरंभी टाकीत चक्क सोडावॉटर ओतून पाहिल्याचे सांगतात. तेव्हा प्रीस्टलीची बाटली दोनशे वर्षांनी योग्य घरी पोचली म्हणावयाची. ज्यांना सिलिंडर परवडत नाही ते आजही बाटलीत साखर आणि यीस्ट आंबवून वायू मिळवितात, म्हणजे लीड्सची ती भट्टी लहान प्रमाणावर घरीच पेटवितात.

परंतु वायू किती द्यावा याचा अंमल माणसाच्या हातून यंत्राकडे गेला तो सामूच्या, म्हणजे आंबटपणा दाखविणाऱ्या पीएचच्या, मार्गाने, आणि तेथेही बिअरचाच आश्रय होता: सामूचे परिमाण १९०९ मध्ये सोरेन्सन याने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरविले. त्याच वर्षी हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या इलेक्ट्रोडचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्नल्ड बेकमन यांनी लिंबांच्या रसाचा आंबटपणा मोजण्याच्या निमित्ताने त्यावर सुटसुटीत यंत्र उभे केले. मुरलेल्या कर्बवायूचे आम्ल होऊन सामू उतरतो; पाण्याची कार्बोनेट कठीणता ४ जर्मन अंश असेल, तर सामू ७ असता लिटरमागे सुमारे १२ मिलिग्रॅम आणि ६.६ असता सुमारे ३० मिलिग्रॅम वायू असतो. टाकीचा कंट्रोलर पाण्यात बुडविलेल्या प्रोबकडून, म्हणजे अशाच इलेक्ट्रोडकडून, सामूचा आकडा घेतो आणि मर्यादा गाठताच वायूचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मिटवितो. रात्री वनस्पतीही प्राणवायूच्या वाटेकरी होतात, त्यामुळे हा बंदोबस्त माशांच्या जिवासाठीच अधिक लागतो.

मात्र कंट्रोलरला कर्बवायू दिसत नाही, केवळ आंबटपणा दिसतो. टाकीतील ओंडक्यातून पाझरलेली आम्लेही तो कर्बवायूच्या खात्यावर घालतो आणि झाडांना उपाशी ठेवतो. उलट प्रोब जुना होऊन चढा सामू दाखवू लागला, तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागतात. म्हणून प्रोब अधूनमधून सामू ४ आणि ७ च्या द्रावणांत बुडवून त्याची झडती घेण्याचा दस्तूर जाणकारांनी अजून सोडलेला नाही.